रूळ परदेशी चालतील, रस्ता आपला हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी दिवाळीत वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमध्ये मुलांनी केलेल्या किल्ल्यांची छायाचित्रे कौतुकाने छापली जातात. विटा-दगड रचायचे, त्यावर गोणपाट अंथरायचे, मातीचा गारा चोपडायचा, अळीव पेरायचे आणि चार दिवसांत डोंगर हिरवा करायचा, ही कला आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. मॉडेल रेल्वे, म्हणजे खऱ्या रेल्वेची लहान मापातली प्रतिकृती, करणारे परदेशी लोक डोंगर करतात तेही याच रीतीने: खाली सांगाडा, वर प्लास्टरमध्ये बुडवलेले कापड, त्यावर रंग आणि पाला. म्हणजे या छंदातले सर्वांत अवघड मानले जाणारे काम आपल्या मुलांच्या हातात आधीपासूनच आहे. तरीही आपल्या घरांत आणि शाळांच्या प्रदर्शनांत निळ्या डब्यांची भारतीय गाडी धावते ती उतरत्या लाल छपरांच्या युरोपीय घरांमधून, कातरलेल्या हिरवळीतून आणि एकही डाग नसलेल्या काळ्याकुळकुळीत रस्त्याशेजारून. या छंदाबद्दल छापून येते ते इंजिनाची किंमत आणि डब्यांची संख्या. रुळाखालच्या खडीबद्दल आणि रुळालगतच्या रस्त्याबद्दल कोणी लिहीत नाही, आणि डोळ्याला खरेपण पटते ते तर तिथेच. म्हणून हे लांबलेले पत्र.

सर्वाधिक प्रचलित माप एच ओ, म्हणजे १:८७. खऱ्या एका मीटरला इथे साडेअकरा मिलिमीटर. १२० बाय ६० सेंटिमीटरची फळी घेतली तर तिच्यावर खऱ्या जगातली १०४ बाय ५२ मीटर एवढीच जागा मावते. चोवीस एलएचबी (नव्या धाटणीच्या लांब) डब्यांची गाडी इंजिनासकट या मापात जवळजवळ सात मीटर होते. फाटकाच्या ६०० मीटर आधी उभा असणारा ‘सी/फा’ (सीटी-फाटक, म्हणजे शिटी वाजवा) लिहिलेला पिवळा फलक अचूक अंतरावर लावायचा तर तोही सात मीटर दूर, शेजारच्या खोलीत जाईल. तेव्हा काहीतरी आखडावेच लागते, आणि काय आखडायचे याचा एक पक्का नियम आहे. रुळाच्या दिशेतली लांबी आखडता येते, रुंदी आणि उंची आखडता येत नाही. ‘सी/फा’चा फलक फाटकापासून ७० सेंटिमीटरवर लावला तर कोणाच्या लक्षात येत नाही. पण दुपदरी रस्ता ८० मिलिमीटरऐवजी ५० केला, तर समोरासमोर आलेली एसटी आणि ट्रक पाहून लहान मूलही सांगते की हे खोटे आहे.

काही मापे कागदावर लिहून फळीच्या कडेला चिकटवून ठेवावीत. एकपदरी डांबरी रस्ता पावणेचार मीटरचा, म्हणजे ४३ मिमी. दुपदरी सात मीटर, म्हणजे ८० मिमी. फुटपाथचा कठडा १५ सेंटिमीटर उंच, म्हणजे पावणेदोन मिमी. माणूस १९ मिमी, दार २४, रिक्षा ३०, मारुती ८०० जेमतेम ३८. खेळण्यांच्या दुकानात सहज मिळणाऱ्या मोटारी बहुतेक १:६४ च्या असतात. त्या मापात मारुती ८०० तब्बल ५२ मिमी भरते, म्हणजे शेजारच्या रेल्वेच्या मानाने एकतृतीयांशाहून अधिक मोठी. किल्ल्यावर महाराज तटबंदीपेक्षा उंच चालतात, कारण तिथे भक्तीचे माप असते. रेल्वेत मात्र एक चुकीची मोटार आजूबाजूच्या सगळ्या इमारती खुज्या करून टाकते.

रुळांच्या बाबतीत एक तडजोड पत्करावी लागते, आणि ती जाणूनबुजून पत्करावी. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १६७६ मिमीचा, तो १:८७ मध्ये १९.३ मिमी होतो. बाजारात मिळणारा एच ओ रूळ मात्र १६.५ मिमी गेजचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमीच्या रुळावरून काढलेला आहे. हे पावणेतीन मिलिमीटर भरून काढायचे तर प्रत्येक चाक बदलावे लागेल, ते करू नये. त्याऐवजी खडीची रुंदी मात्र आपल्या मापाची ठेवावी. आपला सिमेंटचा स्लीपर (रुळांखालची आडवी तुळई) पावणेतीन मीटर लांब, त्याच्या दोन्ही टोकांना साधारण ३५ सेंटिमीटर खडी धरली तर वरची रुंदी ४० मिमी होते आणि तिथून उतार सुरू होतो. पाहणाऱ्याची नजर गेज मोजत नाही, खडीचा पट्टा मोजते. रूळ घेताना ‘कोड’चा आकडाही पाहावा. कोड १०० म्हणजे अडीच मिमी उंचीचा रूळ. खऱ्या जगात तो २२ सेंटिमीटर उंच होईल, आणि आपला मीटरला ६० किलो वजनाचा रूळ आहे १७२ मिमीचा. कोड ७५ चा रूळ १.९ मिमीचा असतो, तो आपल्या रुळाच्या अगदी जवळ जातो. जुने, मोठ्या कडांच्या चाकांचे डबे असतील तर मात्र कोड ७५ वर चाकांच्या कडा रूळ धरून ठेवणाऱ्या खिळ्यांवर खडखडतात. अशांनी कोड १०० च ठेवावा आणि रुळाची बाजू गडद रंगवून त्याची उंची लपवावी.

वळणाशेजारी रस्ता, फलाट किंवा विजेचा खांब बसवताना सर्वाधिक चुका होतात. खऱ्या सरळ मार्गावर उंच फलाटाची कड रुळाच्या मध्यापासून सुमारे १.६७ मीटरवर, म्हणजे १९ मिमीवर येते. तेच माप वळणावर धरले की पहिलाच डबा फलाट खरवडतो. कारण घरातली वळणे फार आवळलेली असतात. ६०० मिमी त्रिज्येच्या वळणावर, बोगींमध्ये, म्हणजे डब्याखालच्या दोन चाकगाड्यांच्या मध्यांमध्ये, १७० मिमी अंतर असलेला डबा मधोमध आतल्या बाजूला ६ मिमी सरकतो आणि त्याची टोके बाहेरच्या बाजूला साडेसहा मिमी जातात. त्रिज्या ४५० केली तर हेच आकडे आठ-साडेआठ होतात. मधोमधच्या सरकण्याचा हिशेब सोपा आहे: बोगींमधल्या अंतराचा वर्ग, भागिले त्रिज्येची आठपट. डब्याची निम्मी रुंदी १८.७ मिमी धरली, तर ६०० मिमीच्या वळणावर फलाटाची किंवा कठड्याची कड २६-२७ मिमीवर हवी. फळीवर काही चिकटवण्याआधी सर्वांत लांब डब्याला मधोमध आणि टोकाला पेन्सिल बांधून तो हाताने वळणावरून ढकलावा. पेन्सिलीच्या रेषेच्या आत काहीही येता कामा नये.

आता फाटक. रस्ता आणि रूळ जिथे भेटतात ते हे ठिकाण. सगळे कसब इथेच दिसते आणि सगळे अपघातही इथेच होतात, म्हणून ते जरा जवळून पाहू.

पहिली अडचण चढाची. फळीवर रुळाखाली अंथरायचा ५ मिमी कॉर्क (बुचाचा थर), त्यावर २ मिमीचा स्लीपर, त्यावर जवळजवळ २ मिमीचा रूळ, म्हणजे रुळाचा माथा फळीपासून ९ मिमी वर येतो. रस्त्याला हे ९ मिमी चढायचे आहेत. बहुतेक जण पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा तिरका लावून मोकळे होतात. तो चढ सहास एक पडतो. अशा फाटकावर खरी बस पोटावर अडकेल. विसास एक उतार हवा, आणि त्यासाठी प्रत्येक बाजूला १८ सेंटिमीटर रस्ता लागतो. एवढी जागा नसेल तर उलटा विचार करावा: रस्ता चढवण्याऐवजी जमीनच उचलावी. रुळाच्या कॉर्कच्या दोन्ही बाजूंना सगळ्या फळीवर ५ मिमीचा फोम अंथरला की रस्त्याला उरतात फक्त ४ मिमी, आणि ८ सेंटिमीटरमध्ये काम भागते. शिवाय कॉर्कच्या पलीकडे रुळालगतचा चर कोरायला जागा मिळते, आणि पाणी वाहून जाण्याचा तो चर आपल्या रुळांशेजारी बहुतेक ठिकाणी असतोच.

दुसरी गोष्ट रुळांमधला भराव. खऱ्या फाटकावर रूळ आणि त्याला आतून समांतर बसवलेला दुसरा रूळ (चेकरेल) यांत चाकाची कड जाण्यासाठी पाच-साडेपाच सेंटिमीटरची फट असते. १:८७ मध्ये ती ०.६ मिमी भरते, पण मॉडेलच्या चाकांच्या कडा त्या मानाने जाड असतात, म्हणून इथे मापाला धरून चालत नाही. दोन्ही बाजूंना १.३ मिमी फट ठेवायची. १६.५ मधून २.६ गेले, उरले १३.९, म्हणून मधला तुकडा १३.५ मिमी रुंद कापावा. कोड ७५ च्या रुळाला दीड मिमी जाडीचा प्लास्टिकचा पत्रा स्लीपरवर थेट चिकटवला की तो रुळाच्या माथ्याखाली ०.४ मिमी राहतो. कोड १०० ला २ मिमीचा पत्रा लागतो. हा ०.४ मिमीचा फरक फार महत्त्वाचा आहे. भराव रुळाच्या बरोबरीने आणला तर रंगाचा थर चढल्यावर तो वर येतो, इंजिनाचे चाक अर्ध्या केसाने उचलले जाते, वीज तुटते आणि इंजिन बरोबर फाटकाच्या मधोमध थांबते. लोक इंजिनाच्या मोटरीत दोष शोधत बसतात, दोष रस्त्यात असतो. तुकड्याची रुळाच्या दिशेची दोन्ही टोके तीन-चार मिमी लांबीत खाली तासून घ्यावीत, नाहीतर डब्यांच्या लोंबत्या कड्या त्यांत अडकतात. अनेक फाटकांवर रुळांमध्ये षटकोनी सिमेंटचे ठोकळे बसवलेले असतात. ते दाखवायचे तर रंग देण्याआधी सुईच्या टोकाने षटकोन कोरावेत आणि कोरताना उठलेली कड बारीक पॉलिश पेपरने घासून काढावी.

धातूचा पत्रा, ॲल्युमिनियमची पट्टी किंवा तार दोन्ही रुळांना एकाच वेळी टेकेल असे काहीही लावू नये. दोन रुळांतून वीज वाहते, लगेच शॉर्ट होतो. परदेशांत काही जण रस्त्याखाली लोखंडी तार पुरून, पुढच्या चाकाला चुंबक लावलेल्या मोटारी चालवतात. हॅम्बर्गच्या, २००१ मध्ये उघडलेल्या प्रसिद्ध मिनिॲटूर वंडरलँडमध्ये रस्त्यांवरून वाहने धावतात ती पाहून आपल्याकडेही तो मोह होतो. तो करायचा तर रूळ ओलांडताना तार तोडून दोन्ही रुळांपासून ती दूर ठेवावी. एवढ्या फटीवरून मोटार सरळ जाते.

विद्युतीकरण झालेल्या मार्गावर फाटकाच्या दोन्ही बाजूंना रस्त्यावर हाइट गेजची कमान असते. उंच माल लादलेला ट्रक वरच्या तारेला लागू नये म्हणून ती असते, उंची सुमारे ४.७ मीटर, म्हणजे ५४ मिमी. वरची तार त्याहून उंच, साडेपाच मीटरच्या आसपास, म्हणजे ६३ मिमी. ही कमान मॉडेलमध्ये फार थोडे लोक लावतात. दोन मिमीच्या प्लास्टिकच्या सळया आणि अर्ध्या तासाचे काम, पण ‘हे भारतातले फाटक आहे’ हे सांगायला दुसऱ्या पाटीची गरज उरत नाही.

फाटक झाले की खडी. क्रम असाच ठेवावा: आधी रूळ पक्के करून दर मीटरला विजेची तार खालून डाखावी आणि दोन दिवस गाडी चालवून पाहावी. मग रुळांच्या बाजू रंगवाव्यात, मग फाटकाचा रस्ता, आणि शेवटी खडी रस्त्यापर्यंत आणून भिडवावी. आधी खडी टाकली तर रस्त्याची पुट्टी खडीत उतरते आणि ती कड नंतर कशानेही साफ होत नाही.

आपल्याकडची रेल्वेची खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. तिचा मोठ्यात मोठा दगड ६५ मिमीचा. १:८७ मध्ये पाऊण मिमी. बाजारात मिळणारी परदेशी ‘एच ओ खडी’ पुष्कळदा दीड मिमीची असते, आणि ती टाकली की रूळ गोट्यांत ठेवल्यासारखे दिसतात. खडी क्रशरवरच्या कचेतून घरीच करता येते. कच धुऊन, वाळवून आधी रव्याच्या चाळणीने चाळावी. खाली पडलेली पुन्हा मैद्याच्या चाळणीने चाळावी आणि चाळणीत उरेल ती खडी म्हणून घ्यावी. मैद्याच्या चाळणीतून पडलेली भुकटी टाकू नये, रस्त्याच्या कडेला ती लागते. आता एक काम चुकवू नये: कागदाच्या खाली मोठे चुंबक धरून ही खडी त्यावरून हळूहळू सरकवावी. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते. त्याचे कण चुंबकाशी मिशीसारखे उभे राहतात. ते काढले नाहीत तर इंजिनाच्या मोटारीतले चुंबक त्यांना ओढून घेते आणि काही महिन्यांत मोटार आवाज करू लागते. कोकणातली जांभ्याची लाल माती वापरणाऱ्यांनीही हे करावे, कारण तिच्यातही लोह भरपूर असते.

एका मीटर रुळाला साधारण १२० ते १५० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक भरलेला कप खडी लागते. ती घडी घातलेल्या कागदातून रुळांच्या मधोमध ओतावी, मऊ ब्रशने स्लीपरांच्या खाचांत लोटावी आणि शेवटी चमच्याच्या पाठीने रुळांवर हलके टकटक करावे, म्हणजे स्लीपरच्या माथ्यावर अडकलेले कण खाली उतरतात. स्लीपरचा माथा स्वच्छ दिसला पाहिजे. रुळाच्या बाजूला आतून एकही कण चिकटलेला नको, नाहीतर चाकाची कड त्यावर चढते. मग पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून ते धुक्यासारखे फवारावे, पिचकारीची धार नको. खडी पूर्ण ओली झाल्यावर एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी, त्यातही साबणाचे दोन थेंब, असे मिश्रण सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने थेंब थेंब सोडावे. मीटरला साठ-सत्तर मिलिलिटर पुरते. आधी ओली न करता गोंद टाकला तर तो गोळ्या होऊन खडीवरच तरंगतो आणि आपल्याबरोबर खडीही गुंडाळून नेतो. रुळात मुंग्यांच्या वारुळासारखे खड्डे आणि उंचवटे होतात. नव्या माणसाची पहिली खडी बहुधा याच कारणाने बिघडते.

सांध्यापाशी, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते तिथे, मात्र हात आखडता घ्यावा. हलणाऱ्या पात्यांखाली आणि त्यांना जोडणाऱ्या पट्टीखाली खडी टाकूच नये. तिथे कॉर्कवर खडीच्या रंगाचा हात मारावा आणि बारीक भुकटी अगदी विरळ लावावी. गोंद सोडण्याआधी पात्यांच्या खिळीला काडीच्या टोकाने व्हॅसलिन लावावे आणि गोंद ओला असेपर्यंत दर अर्ध्या तासाने सांधा इकडून तिकडे फिरवावा. एकदा पाती चिकटली की कोमट पाणी आणि ब्रशने सोडवताना बहुतेक वेळा ती वाकतातच. ओल्या खडीतून थोडी वीज झिरपते, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत, उन्हाळ्यात एक दिवस आणि पावसाळ्यात दोन, रुळात वीज सोडू नये.

नुसती राखाडी खडी नवी दिसते. गाड्या जिथे ब्रेक लावतात तिथे ब्रेकची लोखंडी भुकटी उडून रूळ, स्लीपर आणि मधली खडी सगळे तांबूस-तपकिरी होते. स्टेशनच्या अलीकडे हा रंग गडद आणि खुल्या मार्गावर फिका. बर्न्ट सिएना (तांबूस) आणि रॉ अंबर (मातकट तपकिरी) हे रंग समान घेऊन वीसपट पाण्यात पातळ करावे आणि रुळाच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीत द्यावे. लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, जिथे इंजिने उभी राहतात, मधोमध तेलाचा काळपट पट्टा. रुळाचा माथा लगेच पुसून काढावा.

रस्त्याचा पाया सनबोर्डचा किंवा ३ मिमी एमडीएफचा चालतो. त्यावर मध्यरेषेवर १ मिमी जाड पुठ्ठ्याची अरुंद पट्टी चिकटवावी, कडेला काही नको. यावरून पुट्टी ओढली की रस्त्याला मधून कडेकडे अडीच टक्के उतार आपोआप मिळतो. पावसाचे पाणी काढण्यासाठी खऱ्या रस्त्याला असतो तो हाच, आणि सपाट रस्ता कृत्रिम वाटतो तो तो नसल्यामुळेच. भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी घ्यावी, तिच्यात काळा ऑक्साइड आधीच मिसळावा, म्हणजे पुढे टवका उडाला तरी आत पांढरे दिसत नाही. एका वेळी दीड मिमीपेक्षा जाड थर देऊ नये, तडे जातात. प्लास्टर ऑफ पॅरिस वापरणाऱ्यांना ते दहा मिनिटांत आवळते याची घाई होते. पाण्यात थोडा लिंबाचा रस घातला तर आवळायला जास्त वेळ लागतो आणि हात मोकळेपणाने फिरतो. जुन्या बँक कार्डाच्या कडेने एका दिशेने ओढावे, अर्धवट वाळल्यावर ओल्या स्पंजने पुसावे, आणि पूर्ण वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे.

रंगात सगळ्यांचा हात काळ्याकडे जातो. डांबर ओतल्या दिवशीच तेवढे काळे असते. एका उन्हाळ्यात ते करडे होते. पांढरा सहा भाग, काळा एक भाग आणि रॉ अंबर अर्धा भाग ही जुन्या रस्त्याची सुरुवात धरावी. यापेक्षा गडद छटा ठिगळांसाठी राखून ठेवावी. आपल्या रस्त्याची ओळख ठिगळांत आहे. पाण्याच्या नळासाठी खोदून बुजवलेला चर रस्ता सरळ कापत जातो, पाच मिमी रुंद, कडा ठळक, मधे किंचित खचलेला. खड्ड्यावर टाकलेले ठिगळ वेडेवाकडे, किंचित उंच. मॅनहोलचे झाकण म्हणून कार्यालयात वापरतात त्या पंचिंग मशीनमधून पडणारी ६ मिमीची टिकली चालते, पुट्टी ओली असतानाच दाबून बसवावी. शाळेजवळचा गतिरोधक पावणेचार मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच, म्हणजे ४३ मिमीमध्ये फक्त १.१५ मिमी उंचवटा. बरेच जण तिथे पेन्सिलीएवढी गोल काडी चिकटवतात, त्यावरून खरी मोटार जाऊच शकणार नाही. चाकांच्या वाटा थोड्या फिक्या आणि गुळगुळीत, त्यांच्या मधला पट्टा तेलकट गडद. पांढऱ्या रेषा १ मिमी रुंद, आणि त्या पूर्ण पांढऱ्या ठेवू नयेत. मास्किंग टेप लावून रेषा रंगवावी, वाळल्यावर पॉलिश पेपरने जागोजागी पुसट करावी.

रस्त्याची कड सर्वांत जास्त वेळ मागते. डांबर संपते तिथे ते सुरीने कापल्यासारखे संपत नाही. कडेचे तुकडे तुटलेले असतात, मग मातीची साइडपट्टी, मग गवत. इथे मघाची बारीक भुकटी आणि चाळलेली माती कामी येते. माती आपल्या मुलुखाची घ्यावी: देशावर काळी-करडी, रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याची लाल. ती तव्यावर भाजून घ्यावी म्हणजे किडे राहत नाहीत. गोंद लागल्यावर लाल माती फार गडद होते, म्हणून आधी फळीच्या तुकड्यावर वाळवून पाहावी. कोकणात हाच लाल रंग डांबराच्या कडेवर, फुटपाथच्या कठड्यावर आणि भिंतीच्या तळावर वीतभर चढलेला असतो. पावसाच्या थेंबांनी उडालेला. मॉडेलवर ही वीतभर म्हणजे अडीच मिमी. कोरड्या खडूची लाल भुकटी ब्रशने खालून वर ओढली की तो साधतो.

झुडपांसाठी महागडी पाकिटे लागत नाहीत. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी कातरून, हिरव्या-तपकिरी रंगात बुडवून रुळालगतची खुरटी झुडपे छान होतात. तुळशीची वाळलेली खोडे झाडांचा सांगाडा म्हणून उत्तम. वापरलेली चहापूड नीट वाळवून झाडाखालचा पाचोळा होतो. झाड मात्र मोठे करायचे धैर्य ठेवावे. रस्त्यालगतचे वडाचे झाड पंधरा मीटरचे असते, मॉडेलवर १७ सेंटिमीटर. बाजारातली सात-आठ सेंटिमीटरची झाडे फाटकाजवळ झुडपे वाटतात.

आपल्या पावसाळ्याचा विचार परदेशी पुस्तिका करत नाहीत. प्लायवूडला वरून रंग देतात आणि खालून उघडे ठेवतात. जूनमध्ये ते खालून ओल पिते आणि फळी नौकेसारखी वाकते. दोन्ही बाजूंना आणि कडांना सीलर हवाच. चपला-रेक्झिनचा पिवळा गोंद थर्माकोलवर लावू नये, तो थर्माकोल विरघळवतो. खळीचा वापर टाळावा, कसर आणि बुरशी लागते. मॅट व्हार्निशचा फवारा दमट हवेत मारला तर पांढरी झाक येते आणि सगळा रस्ता धुक्यात गेल्यासारखा दिसतो. ते काम कोरड्या दिवसापर्यंत थांबवावे.

पाहणी करताना फळीकडे वरून पाहू नये. मोबाइल उलटा धरून कॅमेरा रस्त्याला टेकवावा, म्हणजे १९ मिमी उंचीच्या माणसाला दिसेल तसे दृश्य दिसते. रस्त्याखालची फट, हवेत तरंगणारा खांब, रुळाच्या माथ्यावर राहिलेला रंग, सगळे त्या एका फोटोत सापडते.

आणि आता विनंती. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपली. गेटमन असलेल्या फाटकांच्या जागी एकेक करून पूल आणि भुयारी मार्ग होत आहेत. सुरक्षिततेसाठी ते व्हायलाच हवे. पण गेटमनची खोली, हाइट गेज, षटकोनी ठोकळे, कठड्यावरचे पट्टे यांची मापे छंद करणाऱ्यांना सहज मिळत नाहीत. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे, तिथे मुले तासन्‌तास रमतात. घरी येऊन काही करायचे म्हटले तर त्यांच्या हाती आपल्या रस्त्याचे एकही मापाचे चित्र लागत नाही. आपल्या रविवार पुरवणीने दर आठवड्याला एक छोटे रेखाचित्र छापावे: एका फाटकाचे, एका फलाटाच्या कडेचे, एका गल्लीतल्या विजेच्या खांबाचे. वाचकांनी मापे पाठवावीत. ती घेताना रुळावर पाऊल टाकू नये, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे आणि जिवाला धोका आहे तो वेगळाच. फाटक उघडे असताना रस्त्याच्या कडेवरून, किंवा फलाटावरून, मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढला तरी पुरते. चित्र थेट १:८७ मध्ये छापावे आणि प्रत्येक चित्राशेजारी १० सेंटिमीटरची पट्टी छापावी, म्हणजे झेरॉक्स काढताना आकार लहान-मोठा झाला तर मुलाला ती पट्टी मोजून लगेच कळेल.

आपला,
मॉडेल रेल्वेचा छंद असलेला एक वाचक, पुणे